अनध्यायाचा दिवस

परदेशीं विद्यार्जनासाठीं मुलें पाठविण्याची रीत आपल्या सुशिक्षित घरांत आतां नवी राहिलेली नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, पूर्वी विलायतेकडे व मागाहून अमेरिकेकडे असलेला ओढा अलीकडे बराचसा जर्मनीकडे वळला आहे. २०२३-२४ च्या हिंवाळी सत्रांत त्या देशांतील विद्यापीठांत सुमारें ४९,००० भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांत संख्येनें तेच पहिले होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांतून मुलें जातात, तशीं आमच्या गगनबावड्याशीं नातें असलेल्या घरांतूनहि तीं जाऊं लागलीं आहेत.

मूल निघण्यापूर्वीं घरांत जें बोलणें चालतें तें बहुतेक ठरलेलें असतें. विद्यापीठ कोणतें, वर्षें किती, खर्च किती, पुढें नोकरीची आशा कितपत. वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बँकेच्या बंद खात्यांत आधींच भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो, अशी ठरली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतानें तर युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर २०१७ च्या हिंवाळी सत्रापासून दर सत्रास १,५०० युरो शुल्क बसविलें. हे आंकडे आजोबांपासून धाकट्या काकूंपर्यंत सर्वांस पाठ असतात. मात्र एक प्रश्न कोणी विचारलेला आमच्या ऐकण्यांत नाहीं. तो असा कीं, “बाळ, तेथें रविवारीं तूं काय करशील?”

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. पण तो न विचारल्यानें काय होतें तें आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आम्हीं पाहिलें आहे. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. घर तारण ठेवून थोरल्या काकांनीं पुतण्यास पाठविलें. पहिल्या उन्हाळ्यांत पुतण्यानें नदीकांठच्या हिरवळीवर मित्रमंडळींसह बसल्याचें एक छायाचित्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडलें. काकांनीं तेथेंच, सर्वांच्या देखत, उत्तर दिलें: “हप्ते आम्ही भरतों, ते तुला गवतांत लोळतां यावें म्हणून काय रे?” मुलानें उलट उत्तर केलें नाहीं. छायाचित्रें येणें तेवढें बंद झालें. मग फोन आखूड होत गेले. “अभ्यास चालू आहे, जेवलों, ठेवतों,” एवढ्यावर संभाषण आलें. हिंवाळ्यांत त्याच्या बिऱ्हाडांतील दुसऱ्या मुलाकडून आईस कळलें कीं, हा वर्गाखेरीज खोलीबाहेर पडेनासा झाला आहे. त्या घरच्या आजी म्हणाल्या, “पोर आजारी नाहीं म्हणतात, पण तें बरेंहि नाहीं.”

काकांचा राग आम्हांस कळतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज त्यास दुसऱ्याची फुरसत खुपतेच. परंतु त्यांच्या रागाच्या मुळाशीं जी समजूत आहे, कीं विद्यार्थ्याचा अभ्यासाबाहेरचा वेळ म्हणजे अभ्यासांतून चोरलेला वेळ, ती खरी आहे काय, हें तपासून पाहणें अवश्य आहे.

आपल्या मनांतील जर्मनी ही पंडितांची जर्मनी आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्यापाशीं शिकले. डॉ. इरावती कर्वे यांनीं त्याच नगरींत मानववंशशास्त्राची पदवी संपादन केली. अशीं नांवें आपण आदरानें घेतों, आणि जर्मनी म्हटली कीं ग्रंथालय, प्रयोगशाळा व रात्रीं उशिरापर्यंत जळणारा दिवा एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. तें खोटें नाहीं, पण तें अर्धें आहे. उरलेलें अर्धें पाहण्यासाठीं हायडेलबर्ग हें एकच नगर घेऊं.

हायडेलबर्गचें विद्यापीठ १३८६ सालीं स्थापन झालें. आजच्या जर्मनींत तें सर्वांत जुनें. दीड लाखांवर वस्तीच्या या नगरांत तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. नेकार नांवाची नदी डोंगरांच्या खिंडींतून येथें मैदानांत उतरते. दक्षिण तीरावर जुनें गांव व त्याच्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचा भग्न किल्ला आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्यानें तो १६८९ व १६९३ सालीं उद्ध्वस्त केला आणि १७६४ त विजेनें उरलेंसुरलें काम केलें. नदीवरचा जुना दगडी पूल १७८८ सालीं पुरा झाला. पुलापलीकडे, उत्तर तीराच्या उतारावर, जी प्रसिद्ध पायवाट आहे तिला ‘फिलोसोफेनवेग’, म्हणजे तत्त्वज्ञांची वाट, असें नांव आहे. मुळांत ती द्राक्षांच्या मळ्यांतून जाणारी वाट होती. विद्यार्थी व अध्यापक बोलत बोलत तेथें फिरूं लागले आणि तिला हें नांव पडलें. उतार दक्षिणाभिमुख असल्यामुळें तेथें ऊब लवकर येते. बदाम व अंजीर यांसारखीं उष्ण देशांतील झाडेंहि तेथें तग धरतात.

किल्ल्याच्या पाठीशीं क्योनिगश्टूल हा ५६८ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्यावर आगगाडी चढते. पण पायांत बळ असलेलीं मुलें ‘स्वर्गाची शिडी’ या नांवाच्या सुमारें १,२०० ओबडधोबड पायऱ्या चढून जातात. विद्यापीठाचें वनस्पति-उद्यान औषधी झाडांच्या बागेपासून १५९३ सालीं सुरू झालें. आणि नदीच्या उत्तर कांठीं एक लांबरुंद हिरवळ आहे. तिला नेकारचें कुरण म्हणतात. उन्हाळ्यांत, जेव्हां संध्याकाळीं नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हां विद्यार्थी पुस्तकें, गिटार व डबे घेऊन तेथें येऊन बसतात. या नदीकांठच्या एका रस्त्यास कवि इक्बाल यांचें नांव आहे; १९०७ सालीं जर्मन भाषा शिकण्यासाठीं ते या गांवीं राहिले होते आणि नेकारच्या कांठच्या एका सायंकाळीवर त्यांनीं उर्दू कविताहि केली. काका ज्यास गवतांत लोळणें म्हणाले त्याची ही परंपरा आहे.

हें सर्व फुकट आहे, ही गोष्ट हप्ते भरणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावी. जर्मनीच्या १९७५ च्या वनविषयक कायद्यानें विश्रांतीसाठीं रानांत जाण्याची मुभा सर्वांस दिली आहे. रान सरकारचें असो वा खासगी मालकाचें असो. रविवारीं दुकानें बंद असतात. तीं केवळ रूढीनें बंद असतात असें नव्हे. १९१९ सालच्या वायमार घटनेंत रविवार व सणाचे दिवस यांस श्रमांतून विसाव्याचे व मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याचें संरक्षण दिलेलें होतें, आणि १९४९ च्या घटनेनें तें कलम जसेंच्या तसें आपल्यांत सामावून घेतलें. ज्या राष्ट्राच्या उद्योगाचा जगांत दरारा आहे, त्यानें विसावा आपल्या घटनेंत लिहून ठेवावा, हें आम्हांस विचार करावयास लावणारें वाटतें.

परंतु आमच्या वाचकांस यांत परकें असें कांहीं वाटावयास नको. अनध्यायाची कल्पना आपलीच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत अनध्यायाचे प्रसंग सविस्तर दिले आहेत. याज्ञवल्क्यानें तर मोजून ३७ सांगितले आहेत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या या तिथींस पाठ नाहीं, हें पाठशाळेंत सर्वांस माहीत असे. याखेरीज वीज चमकली, मेघ गडगडला, धूळ उडाली, धुकें पडलें, कोल्ह्याकुत्र्यांचा आवाज आला किंवा कोणी थोर पाहुणा घरीं आला, तरीहि वेदपठण थांबवावें, असें शास्त्र सांगतें. हे नियम वेदाध्ययनापुरते होते हें खरें. ते सरसकट लावावयाचे तर आमच्या गगनबावड्याची शाळा आषाढ-श्रावणांत उघडलीच नसती. कारण येथें त्या दोन महिन्यांत मेघगर्जना व धुकें यांतून सुटलेला दिवस शोधावा लागतो, आणि वर्षाचा पाऊस पांच हजार मिलिमीटरच्या पुढें जातो.

थट्टा बाजूस ठेवली तरी मूळ विचार उरतोच. विद्या ही सतत ओतीत राहावयाची वस्तु नव्हे. ती मुरण्यास अवकाश लागतो, आणि तो अवकाश विद्यार्थ्याच्या लहरीवर न सोडतां शास्त्रानें बांधून दिला होता. वाल्मीकीनें सुंदरकांडांत कृश झालेल्या सीतेस प्रतिपदेच्या दिवशीं पाठ करणाऱ्याच्या विद्येची उपमा दिली आहे. अनध्याय न पाळणाऱ्याची विद्या वाढत नाहीं, झिजते, असा त्या उपमेचा आधार आहे. इंग्रजी ‘स्कूल’ हा शब्दहि ज्या ग्रीक शब्दापासून निघाला त्याचा मूळ अर्थ ‘फुरसत’ असाच होता. पूर्व व पश्चिम यांचें एवढें एकमत झाल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

एका जर्मन शाळामास्तराची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. रिखार्ड शिरमान हे आल्टेना गांवचे शिक्षक. १९०९ च्या ऑगस्टमध्यें ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायीं सहलीस निघाले असतां वादळी पावसानें त्यांस गांठलें, आणि वाटेवरच्या एका खेड्यांतील शाळेंत, पेंढ्यावर, मुलांनीं रात्र काढली. बाहेर विजा चमकत असतां त्यांच्या मनांत आलें कीं, सुटीच्या दिवसांत गांवोगांवच्या शाळा रिकाम्याच असतात; त्यांत पायीं हिंडणाऱ्या मुलांस निजावयास जागा कां मिळूं नये? या विचारांतून १९१२ सालीं आल्टेनाच्या किल्ल्यांत पहिलें युवक-वसतिगृह निघालें, आणि तेथून ती कल्पना साऱ्या जगभर पसरली. मेघगर्जनेच्या त्या रात्रीं शास्त्राप्रमाणें अनध्यायच होता. पण त्या अनध्यायानें अनेक देशांतील मुलांची सोय केली.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहींतर आम्ही भाटगिरी केली असें होईल. ज्या देशानें तरुणांस रानावनांत हिंडावयास शिकविलें, त्याच देशानें ती फुरसत त्यांच्यापासून हिरावूनहि घेतली. ‘वांडरफोगेल’, म्हणजे हिंडते पक्षी, या नांवाची तरुणांची चळवळ १९०१ सालीं बर्लिनजवळ सुरू झाली होती. १९३३ त हिटलर सत्तेवर येतांच अशीं मंडळें मोडण्यांत आलीं, वसतिगृहें हिटलरच्या युवकसंघटनेकडे गेलीं, आणि गाणें, चालणें, शेकोटी हें सर्व हुकुमाचें झालें. त्याच वर्षीं १७ मे रोजीं हायडेलबर्गच्या विद्यापीठासमोरील चौकांत पुस्तकांची होळी झाली, आणि ती पेटविण्यांत विद्यार्थी पुढें होते. समोरच्या हायलिगेनबर्ग टेकडीवर सरकारी उत्सवांसाठीं एक उघडें प्रेक्षागृह बांधण्यांत आलें. १९३५ त गोबेल्सनें त्याचें उद्घाटन केलें. विद्यापीठाच्या नव्या इमारतीवर ‘जिवंत आत्म्यास’ अशा अर्थाची अक्षरें होतीं. तीं काढून ‘जर्मन आत्म्यास’ असें लिहिलें गेलें. युद्धानंतर जुनीं अक्षरें पुन्हां बसविण्यांत आलीं, आणि आज तीं तेथें आहेत.

यावरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, फुरसत ही ज्याची त्याची असावी लागते. दुसऱ्याच्या हुकुमानें हिंडणें ही कवायत होय, आणि दुसऱ्याच्या धाकानें खोलींत बसणें हा अभ्यास नव्हे. आपल्या घरांतील वडिलकी आणि ती जुलमी सत्ता यांची तुलना करणें मूर्खपणाचें होईल. आपल्याकडे जें चालतें तें प्रेमापोटीं चालतें. तरीपण मुलाच्या रविवारचा हिशेब हजार कोसांवरून मागणें त्या प्रेमासहि शोभत नाहीं.

‘पण या हिंडण्यांतून निष्पन्न काय?’ असें कोणी विचारील, त्यास हायडेलबर्गचेंच उत्तर आहे. तेथें १९६२ सालीं दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था निघाली. तेथील प्राध्यापक गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांचा एक ग्रंथ आमच्या वाचकांस जवळचा वाटेल: हिंदु एकत्र कुटुंब ही संस्था कायद्याच्या दृष्टीनें कशी घडत गेली, याचा त्यांत विचार आहे, तो १९७७ सालीं निघाला. परंतु महाराष्ट्र त्यांस ओळखतो तो बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील त्यांच्या १९७६ सालच्या ग्रंथामुळें. धनगरांच्या वाड्यांवर जाऊन, त्यांच्या जत्रांस हजर राहून, त्यांच्या ओव्या ऐकून त्यांनीं तो सिद्ध केला. आमच्या या घाटमाथ्यावर धनगरवाडे जागोजाग आहेत. आम्ही त्यांच्या शेजारीं राहिलों, त्यांचें दूधतूप खाल्लें. पण त्यांच्या देवाचा इतिहास लिहावयास नेकारकांठचा मनुष्य यावा लागला. मेजावर बसून ही विद्या मिळत नाहीं. ज्याला सावकाश चालतां येतें आणि वाटेंत भेटेल त्याचें ऐकण्यास ज्याच्याजवळ वेळ असतो, त्यालाच ती मिळते. अशी संवय पदवीच्या वर्गांत लागत नाहीं. ती विद्यार्थिदशेच्या रविवारांत लागते.

वडील मंडळींच्या मनांतील उरलेल्या शंकांचाहि विचार करूं. पहिली शंका मद्याची. त्या देशांत बिअर जेवणाच्या पंक्तीस बसते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. विद्यार्थ्यांचा धुडगूसहि जुना आहे. हायडेलबर्गच्या विद्यापीठास तर रात्रीं दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं स्वतःचा तुरुंग ठेवावा लागला होता. तो १९१४ पर्यंत चालू होता, आणि त्याच्या भिंतींवर कैदी विद्यार्थ्यांनीं काढलेलीं चित्रें अजून पाहावयास मिळतात. परंतु आमचा अनुभव असा कीं, ज्या मुलास सकाळीं डोंगर चढावयाचा असतो तें रात्रीं लवकर निजतें. खोलींत एकटें कोंडलेल्या मुलाची आम्हांस अधिक काळजी वाटते.

दुसरी शंका कामाची. मुलें तेथें शिकत असतां कमावतातहि. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यास वर्षांतून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची परवानगी झाली. घरचा भार हलका करण्यासाठीं मुलगा अभ्यास व काम यांतच सारा आठवडा घालूं लागतो, आणि घरचे त्याचें कौतुक करतात. कौतुक करावें, पण मोकळा रविवार उरला कीं नाहीं, हेंहि विचारावें.

तिसरी गोष्ट हिंवाळ्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. डिसेंबरांत तेथें साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कित्येक दिवस तो दिसतच नाहीं. आमच्या बावड्याच्या मुलास सूर्यावांचून चार महिने काढण्याची संवय असते खरी. पण येथें त्या काळोख्या दिवसांत चूल पेटलेली असते, माणसें भोवतीं असतात. तेथें तो एकटा असतो. हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, अशा अर्थाची एक म्हण जर्मनांत आहे. इरलें डोक्यावर घेऊन भर पावसांत भातलावणी करणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास ही म्हण कोणी समजावून सांगावयास नको. तेव्हां पेटी भरतांना लोणच्याची आणखी एक बरणी कमी करून पावसांत टिकणारे चांगले जोडे घालावे, असें आम्ही घरच्या बायकांस सुचवितों.

आणि ही तयारी विमानतळावर सुरू होत नाहीं. ती घरीं सुरू व्हावी लागते. ज्यानें गगनगडाची चढण पायीं चढली नाहीं, करूळ किंवा भुईबावड्याच्या घाटांतून कोंकणाचा देखावा पाहिला तो मोटारीच्या कांचेंतून, तो तिकडे जाऊन एकदम रानप्रेमी व्हावा कसा? या घाटमाथ्याचा वारसा लहान नाहीं. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवानें चालत आलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडासाठीं देखील रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये, असें बजावलें आहे. कारण तीं झाडें रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. झाडाविषयीं ज्यांच्या पूर्वजांनीं असें लिहिलें, त्यांच्या मुलांस पांच रानझाडांचीं नांवें येऊं नयेत, ही लाजेची गोष्ट आहे. मार्गशीर्षांत पाऊस सरून वाटा कोरड्या होतात. त्या महिन्यांत घरांतील मुलांना घेऊन एक दिवस पायीं घाट उतरावा. बरोबर शिदोरी असावी, आणि त्या दिवशीं परीक्षेचें नांव कोणीं काढूं नये.

ज्या घरांतील मूल आधींच परदेशीं गेलें आहे, त्यांस आमची सूचना याहून सोपी आहे. पुढच्या रविवारीं फोन येईल तेव्हां गुण, हप्ते व हजेरी यांचा विषय सोमवारपर्यंत राखून ठेवावा. नदीचें पाणी चढलें आहे कीं उतरलें, कोणतें झाड फुललें, बरोबर कोण होतें, एवढेंच विचारावें, आणि तो सांगूं लागला कीं मध्यें बोलूं नये. छायाचित्र आलें तर आजींना चष्मा लावून नीट दाखवावें. अनध्यायाच्या दिवशीं गुरूहि विचारीत नसत. घरच्यांनीं तरी कां विचारावें?